नाव मागाहून कळवू

सोमवारी सकाळी टर्टल बेंडच्या बेसबॉल क्लबच्या ऑफिसच्या दाराला कुणीतरी एक म्हातारी शेळी बांधून ठेवली होती. गळ्यात पुठ्ठा. त्यावर लिहिलेलं, 'व्हर्लिन, हिच्या बदल्यात कुणाला देतोस?'

व्हर्लिन स्टुकी म्हणजे क्लबचा मॅनेजर. कुठला खेळाडू द्यायचा, कुठला घ्यायचा, सगळं त्याच्या हातात. त्याने पुठ्ठा वाचला. तेवढ्यात शेळीने त्याच्या टायचं टोक खाल्लं. तो आत गेला.

"मार्व्हेला, शेळी कुणाची?"

"लेस्टर न्हाव्याची," टाइपरायटरवरून मान वर न करता मार्व्हेला म्हणाली. "परत न्यायला तयार नाही. म्हणतो, दिली ती दिली. तुमच्याकडनंच शिकलाय."

गावाचं तरी काय चुकत होतं? मागच्या वर्षी व्हर्लिनने कर्बी लंटसारखा चेंडू फेकणारा पिचर नदीपलीकडच्या ड्रमंड गावाला देऊन टाकला. बदल्यात जो फलंदाज आणला, त्याला उजव्या डोळ्याने दिसत नव्हतं. मग दोन जुळ्या भावांसाठी मागे चेंडू झेलणारा चांगला कॅचर घालवला. त्यातला एकच भाऊ आला, दुसऱ्याचं तेवढ्यात लग्न झालं. समोर दर वेळी ड्रमंडचा मॅनेजर रॉइस पेल. हा गडी फोनवर असा गोड बोलायचा की मधमाशीने नोकरी सोडावी. आणि फोन ठेवला की व्हर्लिनलाच वाईट वाटायचं, की आपण बिचाऱ्या रॉइसला लुटलं!

क्लबच्या मालकीणबाई ओडेसा हॅस्कँप. नवऱ्यामागे सॉसेजचा कारखाना आणि हा क्लब, दोन्ही त्याच बघायच्या.

"व्हर्लिन, राजा," त्या म्हणाल्या, "अजून एकदा गाव आपल्यावर हसलं, की तू माझ्या कारखान्यात सॉसेजला गाठी मारायला बसायचं."

"बाई, सव्वीस वर्षं या खुर्चीत काढली मी."

"म्हणून तर 'अजून एकदा' म्हणाले."

व्हर्लिनला दुसरं काही येत नव्हतं. हेही येत नव्हतं म्हणा, पण ह्याच्यावर त्याचा जीव होता.

आता हे सगळे क्लब ज्या लीगमध्ये खेळायचे, तिथे एक रीत होती. आज समोरच्याचा खेळाडू घ्यायचा, आणि आपण कोण देणार ते 'नाव मागाहून कळवू' म्हणून लांबवायचं. मग पाच नावांची यादी पाठवायची, समोरच्याने त्यातलं एक उचलायचं. वसंतात व्हर्लिनने ड्रमंडकडून एक खेळाडू असाच घेतला होता. आता यादी द्यायची वेळ आली.

या वेळी व्हर्लिनने अक्कल लढवली. "मार्व्हेला, करारांच्या कप्प्यात तळाशी जे पाच असतील ना, त्यांची नावं टाइप कर. तळाचाच माल द्यायचा."

तिने टाइप केलं. त्याने न वाचता सही ठोकली. तीन दिवसांनी रॉइसचा फोन आला.

"व्हर्लिन, दोस्ता, तो पाचवा दे मला. थर्मन ब्लेडसो."

व्हर्लिनच्या हातातली कॉफी सांडली. थर्मन ब्लेडसो म्हणजे पॉप. सगळं गाव त्याला पॉप म्हणायचं. पॉप मैदानाचा माळी होता. वय वर्षं सत्तर.

झालं होतं असं. मागच्या मोसमात पॉपला सत्तर पुरी झाली, तेव्हा क्लबने रीतीप्रमाणे त्याच्याशी एक दिवसाचा खेळाडूचा करार केला. पॉप गणवेश घालून उजव्या कोपऱ्यात उभा राहिला, लोकांनी टोप्या हलवल्या, केक कापला. करार दुसऱ्या दिवशी रद्द करायचा होता. ते काम व्हर्लिनचं. आणि व्हर्लिन त्या दिवशी फोनवर जुळे भाऊ मिळवत होता.

"रॉइस, अरे तो गवत कापतो!"

"कागदावर 'उजवं मैदान' लिहिलंय. मी त्याला उजवं, डावं, सगळंच मैदान देईन."

लीगच्या साहेबांनीही हात वर केले. कागद तो कागद.

व्हर्लिन तोंड पाडून मैदानावर गेला. पॉप दाताळ्याने माती सारखी करत होता.

"पॉप, तुम्ही नाही म्हणा. तुम्ही नाही म्हणालात तर कुणी तुम्हाला..."

"मला मागितलं? नाव घेऊन?"

"हो, पण..."

पॉपने टोपी काढली. "चाळीस वर्षं झाली इथं. चेंडू वर गेला की सगळे वर बघतात. खाली कुणी बघितलं नाही कधी." त्याने दाताळं खांद्यावर टाकलं. "हे माझं आहे. पाण्याची नळी क्लबची."

आणि गेला की हो म्हातारा!

गाव हसलं. हसून हसून दमलं. पण पुढच्या नऊ दिवसांत क्लब घरच्या मैदानावर एकामागून एक सामने हरला, तेव्हा हसू बंद झालं. तिसऱ्या बेसवर चेंडू अडवणारा ओली, अंगाने भरलेला, पळायचं म्हटलं की आधी बसून विचार करणारा. त्याच्या पायांमधून चेंडू असे जायला लागले, जणू ओली म्हणजे गावची वेस. मग हळूहळू एकेक कळत गेलं. ओलीसमोरचं गवत पॉप दोन बोटं जास्त ठेवायचा, पहाटे त्यावर पाणी मारायचा, म्हणजे चेंडू दमून त्याच्या हातात यायचा. पिचरचा एक पाय आखूड, म्हणून तो जिथून चेंडू फेकतो त्या उंचवट्याची माती एका बाजूला नखभर वर. चुन्याच्या रेषेला असा उतार, की बाहेर जाणारा चेंडू विचार बदलून आत यायचा. चाळीस वर्षं गाव खेळाडूंना टाळ्या वाजवत होतं, आणि निम्मे सामने एकटं दाताळं जिंकत होतं.

इथल्या मैदानावर आता गवत कापायला कुणी नव्हतं. शेवटी मार्व्हेलाने शेळी सोडली. शेळीने खरंच मन लावून काम केलं, पण तिची स्वतःची मतं होती.

तिसऱ्या आठवड्यात लेस्टर न्हावी आणि चार-पाच जण गाडी काढून ड्रमंडला गेले. जाताना शिव्यांची तयारी करत गेले. ड्रमंडचं मैदान म्हणजे पाऊस पडला की बदकं उतरायची, अशी जागा. ते कठड्याशी गेले आणि थांबले.

काय सांगावं! दव पडलेलं, कोवळं ऊन, आणि समोर ते हिरवं. एक पट्टा गडद, एक फिका, शेवटपर्यंत सरळ, जणू कुणी देवाच्या घरची चादर वाळत घातलीय. मधोमध पॉप एकटा, गुडघ्यावर बसून तळहाताने मातीचा ताप बघत असल्यासारखा. एकेकाने आपोआप टोपी काढली.

लेस्टर पुटपुटला, "तीस वर्षं डोकी भादरतोय मी. असं एकही जमलं नाही."

ही बातमी गावात पोचली, तशी हॅस्कँप बाईंनी व्हर्लिनला बोलावलं. "शनिवारी सामन्याआधी किल्ल्या दे. सोमवारी कारखान्यात ये. एप्रन मी देईन."

शनिवार उजाडला. व्हर्लिनने सव्वीस वर्षं खोक्यात भरली. खोकं भरलंच नाही. बाहेर सगळं गाव जमलेलं, बाई हात पुढे करून उभ्या. व्हर्लिनने किल्ल्या काढल्या, आणि ड्रमंडचा ट्रक फाटकातून आत आला. मागे बसलेला पॉप. हातात दाताळं.

ट्रकवाल्याने बाईंना चिठ्ठी दिली. ड्रमंडने थर्मन ब्लेडसोला परत पाठवलं होतं. बदल्यात काही नको.

"फुकट?" लेस्टर ओरडला. "व्हर्लिनने पॉपला फुकट परत आणला? आयला, व्हर्लिनने?"

गावाने व्हर्लिनला खांद्यावर घेतलं. बाईंनी किल्ल्या त्याच्याच खिशात परत कोंबल्या. "राजा, मी तुला ओळखलंच नाही," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसले.

व्हर्लिनला काहीच कळेना. ऑफिसात आल्यावर त्याने विचारलं, "पॉप, रॉइस एवढा देवमाणूस कधी झाला?"

पॉप बुटाची माती काढत म्हणाला, "तुझी नोकरी जातेय ऐकलं आणि त्याचं जेवण गेलं. तीनदा हात जोडले माझ्यापुढे. म्हणाला, 'पॉप, परत जा आणि त्याला वाचव. तो गेला तर मी खेळाडू कुणाकडून आणू?'"

व्हर्लिन खुर्चीत बसला.

फोन वाजला. "व्हर्लिन, दोस्ता," मध ओघळला, "वाचलास ना? बरं, माझ्याकडे एक हिरा आहे, दुसऱ्या बेसवरचा. आजच पाठवतो. तू काय देशील ते दे, घाई नाही."

व्हर्लिनने पॉपकडे बघितलं. पॉपने खिडकीतून बाहेर बघितलं. डाव्या मैदानात शेळी चरत होती. मार्व्हेलाने टाइपरायटरमध्ये कराराचा कोरा कागद चढवला.

"पाठव ना, रॉइस," व्हर्लिन म्हणाला. "नाव मागाहून कळवतो."