सोनमैनेचा खोकला

"बोक्या, सांग त्यांना, चहा निवतोय. आनि म्हनावं, टोपी खुंटीला हाय, घर डोक्यावर घेऊ नका."

बोक्याने एक डोळा उघडला आणि मिटला. दत्तात्रेयने मात्र निरोप पोचल्यासारखी मान हलवून कप उचलला. पावसाळ्याआधी सोनमैना विकली, तेव्हापासून मैना नवऱ्याशी थेट एक अक्षर बोलली नव्हती. घरचा सगळा कारभार बोक्यामार्फत चाले. बोकाही त्या काळात चांगला बाळसेदार झाला, कारण निरोप्याला दोन्ही पक्षांकडून बांगडे मिळत.

सोनमैना म्हणजे त्यांची इंजिनाची होडी. बायकोच्या नावाची होडी बायकोलाच न विचारता विकायची, हे धाडस किहीमच्या बाजूला तोवर कोणी केलं नव्हतं. दत्तात्रेयचं म्हणणं असं, की गुडघे गेले, मासळी गेली, आता दर्यात जाऊन काय नुसतं तोंड धुवायचं? ते खरंही होतं. पण हे त्याने आधी मैनेला सांगायचं, ते सांगितलं बोर्ली पंचतनकडच्या गिऱ्हाइकाला. वर होडीच्या पैशांत एका बंगलेवाल्याची जुनी स्पोर्ट क्वाड बाइक आणून दारात उभी केली. पर्यटकांना वाळूत फेऱ्या मारून आणायचा धंदा.

मैनेने त्या चार फुगीर चाकांकडे एकदाच बघितलं. "बोक्या, इचार त्यांना, ही भरतीला तरंगते काय?"

धंदाही तरंगेना. शेजारच्या निकेतची क्वाड अशी डरकाळी फोडायची, की पोरं आईबापाचा हात सोडून तिच्याकडे धावत. दत्तात्रेयची आपली शिवणयंत्रासारखी टकटक करी. "काका, हिच्यावर ब्लाउज पण शिवून मिळतात का?" असं एका मुंबईकराने विचारलं, तेव्हा मात्र त्याच्या काळजाला भोक पडलं. त्याने मुंबईच्या भाच्याला, धनेशला फोन लावला. धनेशने चोरबाजारातून डरकाळी फोडणारा एक चकचकीत स्पोर्ट सायलेन्सर उचलला, गोणपाटात गुंडाळला आणि मांडव्याच्या बोटीने धाडून दिला.

तो बसवायला आला मुसअब. आखातात बरीच वर्षं काढून परत आलेला मिस्त्री.

"दत्तूचाचा, बेफिकीर राहा. तिकडे वाळवंटात शेख लोकांच्या क्वाड मी डोळे मिटून खोलायचो."

"हितं उघडे ठेवलेस तरी चालंल."

वाळवंटात खारा वारा नसतो, हे मुसअबच्या ध्यानात यायला फार वेळ लागला नाही. जुन्या सायलेन्सरचे बोल्ट गंजून गाडीशी एकजीव झाले होते. त्यांना आधी रॉकेल पाजलं, मग खोबरेल पाजलं. शेवटी पान्याच्या दांड्यात लोखंडी नळी अडकवून दोघेही तिला लोंबकळले. कट्कन आवाज झाला आणि दत्तात्रेय नारळाच्या आळ्यात जाऊन बसला.

"निघाला?"

"अर्धा निघाला, चाचा."

"आनि उरलेला?"

"तो म्हणतो, मी इथंच खूश आहे."

त्या खूश अर्ध्याला ड्रिलने बाहेर काढेपर्यंत ऊन उतरलं. मग नवा सायलेन्सर लावून बघितला, तर इंजिनाचं तोंड इकडे आणि सायलेन्सरचं तोंड तिकडे, मधे वीतभर अंतर. अगदी दत्तात्रेय आणि मैनेसारखं.

"चाचा, हा दुसऱ्याच मॉडेलचा दिसतो. मधे जोडपाइप पाहिजे. नेमका एवढ्या जाडीचा."

दत्तात्रेय पाना खाली ठेवून उठला. मग इकडेतिकडे बघत न्हाणीमागे गेला आणि जुन्या लुंगीत गुंडाळलेलं काहीतरी पोटाशी धरून परत आला. सोनमैनेचा धुराचा पाइप! नव्या मालकाने होडीला नवा पाइप बसवून घेतला, तेव्हा हा जुना दत्तात्रेयने हात जोडून मागून आणला होता आणि सरपणात दडवून ठेवला होता.

मुसअब बघतच राहिला. "होडी विकली आणि नळी ठेवली?"

"हळू बोल. बोक्या ऐकंल."

पाइपाचा तुकडा कापला, दोन्हीकडून वेल्डिंग मारलं, स्प्रिंगा ताणून अडकवल्या. दत्तात्रेयने बटण दाबलं.

डुग, डुग, डुग, खॉक्! डुग, डुग, डुग, खॉक्!

दत्तात्रेयने कान टवकारले. हा सोनमैनेचा आवाज. तीन ठोके आणि चौथ्याला खोकला. आता कुणी शहाणा म्हणेल, डिझेलची होडी आणि पेट्रोलची क्वाड, यांचा आवाज एक कसा होईल? त्या शहाण्याने त्या संध्याकाळी तिथे यायला हवं होतं. तो पाइप जन्मभर एकच भाषा बोलत आला होता. मागे कुठलंही इंजिन लावा, तो आपलीच भाषा बोलणार.

दोघे गाडीवर बसले आणि आवाज नीट ऐकायला सुरूच्या बनात शिरले. चूक झाली ती इथे. कोळीवाड्यात डोळ्यांनी होडी कोणी ओळखत नाही. ती दिसायच्या आत घराघरात इंजिनाचा आवाज पोचतो, आणि ज्या घराची होडी त्या घरात तवा चढतो. त्यात वेळ नेमकी होड्या परतायची.

"सोनमैना आयली!" कमळ मासेविकणीने आरोळी ठोकली. कमळचा गळा असा, की ती गप्प असली की लोक तब्येत विचारत. पाट्या डोक्यावर घेऊन बायका किनाऱ्यावर धावल्या. बर्फवाल्याने कमळच्या नावावर लादी फोडली. सगळे समुद्राकडे बघतायत, होडी दिसत नाही, आणि आवाज तर जवळ येतोय!

"इकलेली हाय ना ती?" कोणीतरी म्हणालं.

"इकलेली म्हस न्हाय येत जुन्या गोठ्यात?" म्हातारा धर्माजी म्हणाला. "पोरगी म्हायेराला आयली, समजा."

कमळने बोर्लीच्या मालकाला फोन लावला. तो म्हणाला, होडी समोर बांधलेली आहे. कमळने फोन हवेत धरला. "मंग ह्यो खोकला कुनाचा?" पलीकडून धूम पळणाऱ्या चपला तेवढ्या ऐकू आल्या.

आणि मग मैना आली. होडी विकल्यापासून तिने किनाऱ्यावर पाय ठेवला नव्हता. आता हातात आरतीचं ताट, ताटात नारळ, कपाळाला ताजं कुंकू. बनातून दत्तात्रेयला तिचा चेहरा दिसला. असा चेहरा त्याने बोक्याच्या कारकिर्दीत एकदाही पाहिला नव्हता.

"चाचा, जाऊन सांगा," मुसअब कुजबुजला.

"काय सांगू? तुजी होडी न्हाय आली गो, नळी आली?"

घाबरून त्याने इंजिन बंद केलं. किनाऱ्यावर एकदम हंबरडा उठला. "इंजिन बंद पडलं! खडकावर गेली! बुडाली!" दत्तात्रेयने हबकून पुन्हा बटण दाबलं. डुग, डुग, डुग, खॉक्! "जित्ती हाय!" बायकांनी कडाकडा बोटं मोडली. पण होडी काही दिसेना, तेव्हा धर्माजीने कासोटा खोचला. "वाट चुकली ती. पोरांनो, होडी लोटा. आनून सोडू तिला." त्या वयात, त्या भरतीत, म्हातारा कमरभर पाण्यात शिरलासुद्धा.

आता मात्र लपणं पाप होतं. दत्तात्रेय गाडी घेऊन बनाबाहेर आला. डुग, डुग, डुग, खॉक्! सगळ्या माना गर्रकन समुद्राकडून जमिनीकडे वळल्या. कमळसुद्धा गप्प झाली, एवढ्यावरून काय ते समजा.

मग तीच भानावर आली. "जल्ला तुझा खेल, दत्तूदादा! लादीभर बरफ वितळला माझा!"

मैना ताट घेऊन पुढे आली. दत्तात्रेयने मान खाली घातली. ती गाडीभोवती फिरली, वाकली, आणि त्या चकचकीत सायलेन्सरच्या आधीचा काळपट तुकडा तिला दिसला. त्यावर एक पोचा होता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी, दत्तात्रेय उशिरा घरी आला म्हणून, तिनेच रागाने वरवंटा हाणला होता तिथे.

"ही कुटं व्हती?" मैनेने विचारलं. बोक्या घरी होता. म्हणजे विचारलं ते दत्तात्रेयलाच.

"न्हाणीमागं. सरपनात."

"इतके दिस?"

"व्हय."

मैनेने डोळ्यांना पदर लावला. मग क्वाडच्या बंपरवर नारळ फोडला, हेडलाइटला कुंकू लावलं, पदर खोचला आणि म्हणाली, "मुसअब, तू चालत ये रं." आणि ती मागच्या सीटवर बसली.

घरापर्यंतच्या वाटेवर तिने इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं नवऱ्याच्या कानात ओतलं. दत्तात्रेयला त्यातलं काहीएक ऐकू आलं नाही. सायलेन्सर बरोबर त्याच्या कुल्ल्याखाली गर्जत होता. पण मागून सूर प्रश्नाचा लागला, की तो मोठ्याने "व्हय!" म्हणायचा. इतक्या वर्षांच्या संसारात हे एक उत्तर त्याला कधी दगा देऊन गेलं नव्हतं.

सकाळी अंगणात आला तर गाडीच्या पाठीवर मासळीचा क्रेट करकचून बांधलेला, आणि पुढे होडीच्या उरलेल्या रंगाने लिहिलेलं: सोनमैना.

"ह्ये काय?"

"काल इचारलं न्हाय? पयलं मना बाजाराला सोडायचं, मंग मुंबईवाल्यांच्या फेऱ्या. व्हय म्हनलंत."

"आनि नाव?"

"त्यालाबी व्हय म्हनलंत." मैनेने क्रेटची दोरी उगाच पुन्हा आवळली. "आनि मी इचारलं, होडी इकताना मना इचाराया पायजे व्हतं का. त्यालाबी व्हय म्हनलंत. खणखणीत. मना तेवढंच ऐकायचं व्हतं."

दत्तात्रेय गाडीकडे बघत राहिला. इंजिन बंद होतं. अंगणात इतकं शांत होतं, की काल न ऐकलेला प्रश्न आज त्याला नीट ऐकू आला.

"व्हय," तो म्हणाला.

ओट्यावर बोक्या दोघांकडे आळीपाळीने बघत बसला होता. त्या दिवशी त्याला कोणी निरोप दिला नाही, की बांगडाही दिला नाही. दुपारी तो निकेतच्या घरी गेला. तिथे नवराबायकोचं नुकतंच वाजलं होतं.