सर्जेराव फिटरांचं शिवणकाम

सर्जेराव फिटरांना मी पहिल्यांदा शिवताना पाहिलं तेव्हा ते व्हर्निअर कॅलिपरनं ब्लाऊजचं हुक मोजत होते. व्हर्निअर म्हणजे पाइपची जाडी मोजायचं ते सरकतं लोखंडी माप. समोर स्टुलावर तळहाताएवढ्या कागदावर हुकांची रांग लावलेली, आणि एक हुक रांगेतून बाहेर काढून वेगळं ठेवलेलं.

"त्याचं काय झालं?" मी विचारलं.

"जाड हाय," ते म्हणाले. "बाकीच्यांशी जमनार न्हाई त्याचं."

आम्ही अंकुशनगरला कारखान्याच्या कॉलनीत राहतो. मी तिथल्याच शाळेत शिकवते, आमचे हे कारखान्याच्या ऑफिसात आहेत. सर्जेरावांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. गडी सहा फूट उंच, मिशा झुबकेदार, आणि सगळी नोकरी उसाच्या मळीत आणि ग्रीसमध्ये गेलेली. रिटायर झाल्यावर लोक शेती बघतात, पारावर बसतात. सर्जेरावांनी भंगारातून एक पायमशीन उचलून आणलं, खोलून त्याचा पुर्जा न् पुर्जा रॉकेलात धुतला आणि शिवायला बसले. शिकले कुठं, तर मोबाइलवर. एक बाई व्हिडिओत गळा कसा कापायचा ते सांगायची आणि हे मिशीवर बोट ठेवून तिच्याकडं बघत बसायचे.

खर्चाच्या नावानं मात्र शून्य. कापडावर आखायला खडू विकत आणायचा नाही, अंघोळीच्या साबणाची उरलेली चीप वापरायची. टाचण्यांऐवजी कापडावर मोठाले नट ठेवायचे, म्हणजे कापड सरकत नाही. सांडलेल्या सुया उचलायला जुन्या रेडिओतला चुंबक. गळ्याचा गोल आखायला घरातल्या वाट्या, आणि मग त्या वाट्यांत आमटी वाढली की तिला साबणाचा वास. कॉलनीत कुणी जुनी पँट टाकायला काढली की हे दारात हजर. बटणं, चेन, खिशाचं अस्तर, सगळं उसवून न्यायचे. "खर्चा कशाला करता मॅडम," म्हणायचे, "घरात पाह्यलं की सगळं असतंय."

त्यांचं शिवणकाम म्हणजे फिटिंगचं काम. ढिलं काही चालायचं नाही. आमच्या ह्यांना त्यांनी एक शर्ट शिवून दिला. आरशासमोर ह्यांची छाती फुगली, इतका तो नेमका बसला होता. सव्वीस जानेवारीला तोच घालून हे झेंडावंदनाला गेले. सलामीसाठी हात वर गेला आणि बगलेपासून कमरेपर्यंत असा काही आवाज झाला की पहिल्या रांगेतली मुलं राष्ट्रगीत विसरली.

मी शर्ट घेऊन गेले. सर्जेरावांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"माप बराबर हाय," ते म्हणाले. "पर तुमच्या मालकांनी माप देताना हात खाली ठेवल्ता. वर करनार हाय म्हनून बोलले न्हाईत."

त्या दिवसापासून त्यांनी नवी पद्धत काढली. कपडा टाकायला कुणी आलं की आधी चौकशी. ह्या कपड्यात काय काय करनार? जमिनीवर बसनार का? मोटारसायकल चालवनार का? जेवन झाल्यावर पोट किती पुढं येतं? एका साहेबांना त्यांनी भर ओट्यावर जेवल्यासारखं पोट फुगवून दाखवायला लावलं होतं.

एक गोष्ट मात्र ते करत नसत. बायकांचे कपडे. कुणी ब्लाऊज पुढं केला की हात मागं घ्यायचे. "बाईमानसाचं शिवत न्हाई."

मग ती हुकं कुणाची? त्यांच्या बायकोची, कुसुमताईंची. आणि इथंच कॉलनीत कुजबूज होती. कुसुमताई गेल्या दिवाळीच्या आधीपासून बाहेर दिसत नव्हत्या. संभाजीनगरला पोटाचं ऑपरेशन झालं एवढं सर्जेरावांनी सगळ्यांना सांगितलं होतं. त्यानंतर ना हळदीकुंकू, ना भिशी, ना देवळात येणं. दारात गेलं तर पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून बोलायच्या आणि पटकन आत वळायच्या. बायका म्हणायच्या, नवरा टेलरचा खर्चसुद्धा करीत नाही, घरातच कोंडून ठेवलंय.

भिंतीपलीकडून मला दुपारी ऐकू यायचं.

"हात वर कर. आता वाक. खाली बस. उठ. चाल दारापर्यंत."

मग सर्जेरावांचा आवाज, "उसवतो."

आणि कुसुमताईंचा, थकलेला, "राहू द्या आता. किती येळा उसवनार?"

"बराबर बसलं न्हाई."

बायकोला अशी कवायत करायला लावणाऱ्या माणसाशी मी कामापुरतंच बोलत असे.

यंदा माझ्या मुलीचा, प्राचीचा साखरपुडा ठरला. पाहुणे तीर्थपुरीचे. त्यांनी साडी आधीच पाठवली, गर्द मरून रंगाची, काठाला जर. साडीतला ब्लाऊजपीस जालन्याला मस्तगडात एका टेलरकडं टाकला. त्याच्याकडं लग्नसराईची गर्दी, ब्लाऊज हातात आला तो आदल्या संध्याकाळी. घरात पाहुणे, मांडवाची माणसं, आचारी. कुणी घालून बघितला नाही.

सकाळी प्राचीनं तो अंगात घातला. बाह्या दंडावर अडकल्या. पाठीकडं हुकांची दोन्ही टोकं चार बोटं लांब राहिली. माझ्या बहिणीनं एका बाजूनं ओढलं, मी दुसऱ्या बाजूनं. प्राची श्वास धरून उभी होती. मग शांतपणे म्हणाली, "आई, सोड. हा दुसऱ्या कुणाच्या मापाचा आहे."

तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. पाहुणे तीर्थपुरीहून निघाले होते.

जालन्याला जाऊन यायला वेळ नव्हता. दुसरा ब्लाऊज घाल म्हणावं तर त्या साडीवर जाईल असा एक नव्हता. मी ब्लाऊज आणि साडी तशीच काखेत मारली, प्राचीला ओढणी पांघरून सोबत घेतलं आणि शेजारचं दार वाजवलं.

सर्जेराव मशीनला तेल देत होते. मी काय झालं ते सांगितलं. त्यांनी ब्लाऊजकडं हात केला नाही.

"मॅडम, बाईमानसाचं मी..."

"भाऊजी, पाहुणे रस्त्यात आहेत."

"पर मी न्हाई शिवत. तुमाला म्हाईत हाय."

आतल्या खोलीतून कुसुमताई आल्या. पदर तसाच, दोन्ही खांद्यांवरून. त्यांनी प्राचीच्या तोंडाकडं पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "घ्या ते."

सर्जेरावांनी घेतलं. अर्ध्या ब्लेडनं बगलेची शिवण खोलली, आत बोट फिरवलं आणि मान हलवली.

"आत माया ठेवली न्हाई." शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात, ती असली की कपडा वाढवता येतो. "बिलकुल न्हाई. कडेला कडा लावून शिवलंय. सोडायला जागाच न्हाई. दोन्ही बगलेत पट्टी घालावी लागंल. ह्याच रंगाची, ह्याच पोताची. हाय का?"

नव्हती. माझी नजर त्यांच्या बटणांच्या बरण्यांवरून, चिंध्यांच्या गाठोड्यावरून फिरली. एवढा सगळ्या कॉलनीचा माल जमवलेला, पण मरून रेशीम कुठून असणार?

कुसुमताई आत गेल्या आणि परत आल्या. त्यांच्या हातात घडी घातलेला एक ब्लाऊज होता. कोरा, मरून रंगाचा.

"ह्याच्यातनं काढा पट्टी."

सर्जेराव जागचे हलले नाहीत. "कुसुम, ह्यातनं न्हाई."

"रंग जमतोय."

"आज घालनार हायेस तू हे."

"पोरीचं काम हाय. मी काय, घरीच बसते."

कुसुमताईंनी ब्लाऊज मशीनवर ठेवला आणि कैची नवऱ्याकडं सरकवली. सर्जेरावांनी कैची उचलली. आयुष्यभर ज्या हातांनी चाकावरचे बोल्ट आवळले ते हात मी कधी असे थांबलेले पाहिले नव्हते. मदत करायची म्हणून मी कापड ताणून धरायला ब्लाऊज उचलला. एका बाजूनं तो जड होता. अस्तराच्या आत, डाव्या बाजूला, गोल कप्पा शिवलेला होता आणि माझ्या बोटांखाली त्यात बारीक दाणे सरकले.

मी वर पाहिलं. कुसुमताई माझ्याकडंच पाहत होत्या.

"मोहरी हाय," त्या हळू म्हणाल्या. "कापूस हलका पडतो, वर सरकतो. बाजारात मिळतं तसलं, पर लई महाग, आन उन्हात चिकटतं. ह्यांनी तांदूळ भरून पाह्यले, राळे भरून पाह्यले. शेवटी मोहरीवर आले." मग पदर सारखा करून, "ऑपरेशन पोटाचं नव्हतं, ताई."

प्राची माझ्या मागं होती. तिनं माझा दंड धरला.

"एकदा टेलरकडं गेल्ते मी," कुसुमताई म्हणाल्या. आवाज अगदी साधा, बाजारहाटाचं सांगावं तसा. "त्यानं माप घेतलं. मंग परत घेतलं. त्याला वाटलं टेप चुकली. मंग त्यानं आतल्या बायकोला हाक मारली. तवा मी उठून आले."

सर्जेराव कापडाकडं बघत होते. "चालताना बराबर राह्यचं," ते म्हणाले, "पर वाकलं की खाली यायचं. हात वर केला की सरकायचं. आत्ता कुठं बसलंय."

कैचीचं पातं त्यांनी ब्लाऊजच्या कडेला लावलं. बायकोनं सांगितलं होतं आणि पाहुणे रस्त्यात होते.

"थांबा भाऊजी," मी म्हणाले. "साडी कापा."

"काय?"

"साडीचं आतलं टोक. कमरेला खोचतात ते. कापड तेच आहे, रंग तोच आहे."

"सासरची साडी हाय ताई," कुसुमताई म्हणाल्या. "आजच्या दिवशी कात्री लावत न्हाईत."

"आत खोचलेलं कुणाला दिसतं? माझी मुलगी आहे, मी सांगते. कापा."

सर्जेरावांनी माझ्याकडं पाहिलं, मग प्राचीकडं. "पोरी, तुजी साडी हाय. कापू का?"

"कापा काका," प्राची म्हणाली.

साडीचं टोक त्यांनी पाटावर पसरलं, चार नट ठेवले, साबणानं रेघ मारली. कैची रेशमातून करकरत गेली. काठाची जर थोडी सुटली तर सगळं संपलं होतं. पण ते काठ सोडून आतूनच कापत होते. बाहेर रस्त्यावर गाडी वाजली की आम्ही तिघी दाराकडं बघायचो. ते बघत नव्हते.

मशीन चालवता चालवता त्यांनी मान वर न करता प्राचीला विचारलं, "आज काय काय करनार?"

"म्हणजे?"

"खाली बसनार? वाकून पाया पडनार? किती जनांच्या?"

"सगळ्यांच्याच," प्राची म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली.

"मंग पाठीत अजून येक बोट सोडतो."

कुसुमताईंनी प्राचीला आत नेऊन ब्लाऊज घातला. शेवटचं हुक लागल्याचं त्यांनी आतून सांगितलं तेव्हा सर्जेरावांनी कपाळाचा घाम पुसला. प्राचीला खाली बसवलं, उठवलं, वाकवलं, आणि मग म्हणाले, "जा आता. जल्दी." त्याच वेळी ह्यांचा निरोप आला की गाड्या कॉलनीच्या कमानीतून आत वळल्या आहेत.

साखरपुडा देवळामागच्या सभागृहात होता. प्राचीची सासू तिला जवळ घेऊन ब्लाऊजची शिवण बघत म्हणाली, "टेलर चांगलाय तुमचा." मी हो म्हणाले.

नारळ-सुपारी चालू असताना मला दारात कुसुमताई दिसल्या. मरून ब्लाऊज, फिकट साडी, आणि पदर एकाच खांद्यावर. मी उठणार तोच माझ्या बहिणीनं त्यांना हाताला धरून बायकांत बसवलं. बायकांनी सरकून जागा केली, एकीनं पदराच्या काठाचा भाव विचारला, दुसरीनं आपलं मूल पुढं केलं. कुसुमताईंनी ते मांडीवर घेतलं आणि बोलू लागल्या.

जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा मी बाहेर आले. लिंबाच्या सावलीत सर्जेराव स्कूटरवर बसले होते. किल्ली लावलेलीच.

"आत या की भाऊजी. इथं काय करताय?"

"पाच मिनटं बसून येते म्हनली होती. कठीन वाटलं तर लगेच निघू म्हनलो. म्हनून थांबलो."

"त्याला तासभर झाला असेल. बोलावू का त्यांना?"

त्यांनी उघड्या दारातून आत पाहिलं. कुसुमताई कुणाचं तरी ऐकून मागं रेलून हसत होत्या.

"नको," ते म्हणाले. "बसू द्या. आन मी बाहेर हाय म्हनून सांगू नका. उठून येईल."

मी ताट वाढून तिथंच आणून दिलं. त्यांनी स्कूटरच्या सीटवर ताट ठेवलं आणि उभ्यानं, दाराकडं तोंड करून, सावकाश जेवले.