छत्रीखालचा माणूस

"आज एक थेंबसुद्धा प्यायचा नाही," चियाने नवऱ्याला चौथ्यांदा बजावलं. "मी मीठ घेऊन येते. तुम्ही घोड्यापाशी उभे राहा. कोणी बोलावलं तरी हलायचं नाही."

"नाही हलणार," पो म्हणाला. हेही तो चौथ्यांदाच म्हणत होता. त्याच्या काखेत तांबडा कोंबडा होता, होणाऱ्या व्याह्यांसाठी.

पहाटे नदीकाठचं गाव सोडून दोघं डोंगवानच्या पठारावर चढून आली होती. रीतीप्रमाणे मुलाकडचे मध्यस्थ दोनदा त्यांच्या घरी येऊन गेले होते. पो पहिल्याच दिवशी 'हो' म्हणून मोकळा झाला होता. पण चिया अडून बसली. पठारावर दगडाशिवाय काय आहे? पाऊस पडतो आणि भेगांतून कुठल्या कुठे निघून जातो. लोक टोपल्यांनी माती वाहून दगडांच्या खळग्यांत भरतात आणि त्यात मका लावतात. बायकांचं अर्धं आयुष्य पाठीवर पाण्याचं पिंप वाहण्यात जातं. आपल्या लेकीला, सिनला, ती अशी सहजासहजी देणार नव्हती. "पाणी कुठून येतं ते मी डोळ्यांनी बघीन, मग बोलू," असं तिने मध्यस्थांना ऐकवलं होतं. आता रविवारचा बाजार उरकून, व्याह्यांचं घर बघून, काय ते ठरवायचं होतं.

मीठ घेऊन ती वळली आणि जागच्या जागी थबकली. बाजाराच्या टोकाला, दगडी गडग्याच्या कडेला एक माणूस आडवा पडला होता. काळा डगला, काळी विजार, तोंडावर काळी टोपी, शेजारी पाय बांधलेला तांबडा कोंबडा. घोरणं तर पाच पावलांवरून ऐकू येत होतं.

"झालं!" चियाने कपाळावर हात मारला.

बाजारात नवरा पिऊन पडला की त्याला उठवायचं नसतं. उठवला की भांडण होतं, आणि सगळा बाजार बघायला जमतो. बायकोने छत्री उघडायची, त्याच्या डोक्यावर सावली धरायची आणि तो उठेपर्यंत बसून राहायचं. टाकून गेली तर नवऱ्यापेक्षा बायकोचीच जास्त नाचक्की. टोपी उचलून ते तोंड बघायचीही चियाला इच्छा नव्हती. तिने आपली पिवळ्या फुलांची निळी छत्री उघडली. तिची मोडकी काडी तागाच्या दोऱ्याने बांधलेली होती. मग चिया शेजारच्या दगडावर टेकली.

हात छत्रीला अडकले होते, तोंड मोकळं होतं.

"आजच मुहूर्त सापडला तुम्हाला? आता कुठल्या तोंडाने जायचं सुंगांच्या दारात? तो व्याही, सुंग चा, म्हणे मोठा बढाईखोर आहे. आमचा मका असा नि आमचे बैल तसे! बैल काय पाठीवर पाणी आणणारेत?"

घोरणं थांबलं, मग जरा हळू आवाजात सुरू झालं.

"आणि मी तिथे सांगणार काय? पोरगी मक्याचा भरडा वाफवायला ठेवते आणि दर दोन दिवसांनी करपवते. तो भरतकामाचा घागरा पाठवला ना नमुना म्हणून, तो माझ्या बहिणीने केलाय. सिनने नुसता धुतला!"

एक म्हातारी जाता जाता थांबली. "शहाणी गं बाई," ती म्हणाली आणि चियाच्या हातात अर्धी काकडी ठेवून गेली. चियाला जरा बरं वाटलं. काकडी खाऊन तिने पुढचं सुरू केलं.

"खरं सांगू? त्यांचा वू मला आवडलाय. चांगला आहे पोरगा. आपल्याकडे आला तेव्हा न सांगता लाकडं फोडून दिली त्याने. त्याच्या बापाने घरामागे पाण्याची एक टाकी खोदली, तर मी दुसरं काहीसुद्धा मागणार नाही. पण माझी पोर पिंप पाठीवर घेऊन डोंगर चढणार असेल, तर त्या सुंग चाला कड्यावरून ढकलून देईन मी. सांगून ठेवते!"

सूर्य माथ्यावरून कलला. ती तीच गाऱ्हाणी आळीपाळीने गात होती. तेवढ्यात मागून आवाज आला, "अगं, मीठ आणायला गेलीस की पिकवायला?"

मागे पो उभा होता. ताठ, शुद्धीत, काखेत कोंबडा. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने बायकोचं म्हणणं अक्षरशः पाळलं होतं, आणि तीन तास तो घोड्यापाशी उभा होता.

चियाने त्याच्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "तुम्ही इथे, तर मग हा कोण?"

"मला काय विचारतेस? सावली तू धरलीयेस."

चिया ताडकन उठली. पण छत्री मिटताच ऊन त्या बिचाऱ्याच्या हातांवर पडलं, आणि तिला राहवेना. तिने छत्री परत उघडली, गडग्याच्या दोन दगडांत खोचली आणि नवऱ्याचा दंड धरून तिथून पळ काढला.

सुंगांच्या घरी विहीणबाईंनी प्रेमाने बसवलं. "हे कोंबडा आणायला गेलेत सकाळपासून. येतीलच," त्या दात आवळून म्हणाल्या. घर नीटनेटकं होतं, पण पाणी खालच्या झऱ्यावरून यायचं. जाऊन येऊन तासभर. चियाचं मन खट्टू झालं.

दिवस मावळता मावळता व्याही आले. काळा डगला, हातात तांबडा कोंबडा आणि दुसऱ्या हातात पिवळ्या फुलांची निळी छत्री. चियाने मान खाली घातली ती वर केलीच नाही. धरणी दुभंगली असती तर ती आनंदाने आत गेली असती.

"ही छत्री कुणाची?" विहीणबाईंचा आवाज चढला.

"काय माहीत. लग्नाची बातमी ऐकून ज्याने त्याने दारूची वाटी पुढे केली. जरा पडलो. जाग आली तेव्हा डोक्यावर होती."

"छत्री बाजारात आपोआप उगवत नाही! कोण बाई बसली होती तुमच्याशेजारी? सोयरीक राहू दे बाजूला, आधी हे सांगा!"

आता गप्प राहिलं तर सगळंच मोडणार होतं. चिया उठून उभी राहिली. "छत्री माझी आहे. मला वाटलं, आमचेच हे पडलेत."

दोन्ही कोंबडे एकमेकांकडे बघून कुरकुरत होते.

"किती वेळ धरलीत?" विहीणबाईंनी विचारलं.

"ऊन कलेपर्यंत."

"आणि बोललात काही?"

"बरंच."

"बरं झालं!" विहीणबाई मनापासून हसल्या. "माझं आजचं काम वाचलं."

सुंग चाने घसा खाकरला. "तुम्ही माझं नाव घेतलंत ना, तेव्हाच खाडकन जागा झालो. पण तुम्हाला लाज वाटेल म्हणून घोरत राहिलो. फार अवघड असतं हो ते! भरड्याचं काही नाही, आमच्याकडेही करपतो." विहीणबाईंनी डोळे वटारले. "आणि टाकीचं म्हणाल, तर उद्या सकाळी घरामागे खोदायला लागतो. येताना जागासुद्धा बघून आलो. तो कडा फार खोल आहे."

चियाच्या डोळ्यांत पाणी आलं. "पोरगी दिली," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "बघा, बघा जरा! बारा वर्षं छप्पर शाकारायला सांगतेय. तुम्ही शुद्धीत असता, आणि एक शब्द तुमच्या कानांत शिरत नाही. हे पिऊन पडले होते, तरी एकदा ऐकलं आणि कामाला लागले!"

दिवसभर थेंबही न घेतल्याबद्दल शाबासकी मिळेल म्हणून वाट बघत बसलेला पो क्षणभर विचारात पडला. मग त्याने मुकाट्याने आपली वाटी पुढे केली. चियाने सोयरिकीच्या दारूचा बुधला उचलला आणि स्वतःच्या हाताने ती काठोकाठ भरली.