आहुप्याच्या मुक्कामी भंवरीबाईंच्या चौविहाराची लढाई

ओझरच्या विघ्नहरास व लेण्याद्रीच्या गिरिजात्मजास वंदून, जुन्नरकर हितेशशेठ यांणी आहुप्याच्या स्वारीत काय पराक्रम केला त्याची हकीकत लिहितो, ती सावधचित्ते ऐकावी.

शेठ म्हणजे जुन्नर पेठेतील कापडाचे नामी व्यापारी. त्यांचे साडू अरिहंतशेठ आफ्रिकेच्या वर्षावनाकाठी तंबूत राहून आले आणि तेथील छबी साऱ्या गोतात फिरविल्या, तेणेंकरून शेठांच्या उरी आग जाहली. मग आहुप्याच्या देवराईलगत आफ्रिकेची हुबेहूब नक्कल ऐसा इको-लॉज वसल्याची खबर आली आणि शेठ मातुश्री भंवरीबाई यांसहवर्तमान मोटारीने कूच करिते जाहले.

ठाणे पाहावे तो अजब थाट. समोर हिरड्या-जांभळींची राई असता दारी कुंडीत परदेशी पाम. तंबूस नाव काँगो. भिंतीवर राक्षसी मुखवटे. न्हाणीस छप्पर नाही, त्यास निसर्ग म्हणावे. वेशीवरच ठाण्याचे दारोगा, मॅनेजर शौर्यसाहेब, यांणी मातुश्रींचा खाखऱ्यांचा डबा जप्त केला. बाहेरील अन्नाने वानरे बिघडतात, ऐसा कायदा. शेठांनी मान डोलाविली.

मग दिवस कलला. मातुश्रींस चौविहार, सूर्य बुडाल्यावर अन्नपाणी वर्ज्य; आणि लॉजाचे भोजन दिवे लागल्यावर, त्यातही रताळी, सुरण, बटाटे, जी कंदमुळे जैनांस निषिद्ध. शेठांनी अर्ज केला. फर्मान आले की, सूर्यास्त हा पाहण्याचा जिन्नस, त्या समयी मुदपाकखाना बंद असतो. पुण्याच्या बड्या पाहुण्यांदेखत शेठ शरमले आणि मातुश्रींस म्हणाले, “आई, आजचा दिवस चालवून घे ना.”

“बरं,” म्हणोन मातुश्री वेताच्या खुर्चीत हात जोडून बसल्या. सकाळच्या पेलाभर दुधावर होत्या. रागावल्या असत्या तर शेठांस सोपे गेले असते.

ते ‘बरं’ शेठांस सोसवेना, आणि ते उठले. मुदपाकखान्याच्या दारी आहुप्याचा जानकू पहाऱ्यास होता.

“पावणं, आत जायाची परवानगी न्हाई.”

“आई सकाळपासनं उपाशी हाय, भाऊ.”

“आसं व्हय? मंग मी काय बघितलंच न्हाई, राव,” म्हणोन जानकू बाजूस जाहला.

शेठांनी जन्मात कधी गॅस पेटविला नव्हता. तरी मूगडाळ व तांदूळ काबीज केले, कुकर चढविला, बोट भाजून घेतले. आणि शौर्यसाहेब कायदे वाचीत चालून आले, तो पहिल्या शिटीचा ऐसा मारा जाहला की साहेब दाराबाहेर हटले. सूर्य कड्यास टेकला होता. मग शेठ ताट उचलोन, सूर्यास्त टिपणाऱ्या पाहुण्यांची फळी फोडून, धावले.

खिचडी वर कच्ची, तळी करपलेली. मातुश्री एक शीत न टाकता जेवल्या, जैनांच्या रीतीप्रमाणे ताट धुऊन तेच पाणी प्याल्या, आणि मगच सूर्यास जाऊ दिले.

“मीठ विसरलास,” इतकेच बोलल्या आणि शेठांचे भाजलेले बोट हाती घेऊन बसल्या.

शत्रूकडील एक कुकर जायबंदी, शेठांकडील एक बोट, आणि चौविहार अभंग राहिला. ऐसी आहुप्यास फत्ते जाहली, ती येथे दाखल केली असे.