डॉक्टरची पहिली बायको

"आजपासून माझ्या तोंडून कुणाबद्दल एक वाकडा शब्द निघणार नाही!" शनिवारची प्रार्थना आटोपून घरात पाऊल टाकताच शिंप्याने जाहीर केलं.

बायकोने शांतपणे विचारलं, "म्हणजे दुकान बंद करताय?"

प्रश्न खोचक होता, पण रास्त होता. शिंप्याच्या हाताला सफाई होतीच, पण गिऱ्हाइकं यायची ती त्याच्या जिभेसाठी. एका हाताने माप घ्यायचं आणि त्याच दमात सगळ्या ज्यू समाजाची उणीदुणी काढायची, हा तीस वर्षांचा शिरस्ता. त्या दिवशी रब्बींचं प्रवचन नेमकं त्यावरच होतं. पाठीमागे कुणाचं वाईट बोलण्याला धर्मशास्त्रात 'वाईट जीभ' म्हणतात, असं सांगताना रब्बींची नजर तिसऱ्या बाकावर खिळली होती. तिसऱ्या बाकावर शिंपी बसला होता.

शिवाय घरात लग्न ठरत होतं. शिंप्याच्या एकुलत्या मुलीला दातांच्या डॉक्टरचं स्थळ आलं होतं आणि पोरगी त्याच्यावर जीव टाकून बसली होती. अडचण होती ती मुलाच्या आईची. सगळा समाज त्यांना कडक काकू म्हणायचा. पाहायला आल्या तेव्हा त्यांनी दोनच प्रश्न विचारले होते. "तुमच्याकडे टीव्ही नाही ना?" आणि "घरातली गोष्ट बाहेर जात नाही ना?"

"छे छे!" दोन्हींना शिंप्याचं एकच उत्तर.

टीव्ही होता. कपाटात, लोकरी कोटांच्या मागे. हे यंत्र घरात नसलेलं बरं, असं रब्बींनी पूर्वी एकदा सांगितलं होतं. तेव्हापासून त्या वस्तीत टीव्ही असायला कुणाची हरकत नव्हती, फक्त दिसायला होती. सोमवार ते गुरुवार, संध्याकाळी साडेसात वाजले की अर्ध्या वस्तीतली कपाटं उघडायची. दुसऱ्या दिवशी मालिकेतल्या माणसांवर चर्चाही व्हायची, पण मालिकेचं नाव न घेता. ज्याला कळायचं त्याला कळायचं!

सोमवारी शिंपी दिवसभर गप्प राहिला. "बरं नाही का?" असं चौघांनी विचारलं. पाचवा तर माप न देताच निघून गेला. मंगळवारी सकाळी मशीन चालवता चालवता शिंप्याला साक्षात्कार झाला.

"अगं, मालिकेतली माणसं खरी नसतातच! मग त्यांची निंदा केली तर पाप कसलं? शास्त्र पाठ आहे मला!"

"अहो, एकदा रब्बींना विचारून घ्या."

"विचारायचं म्हणजे टीव्हीचं सांगावं लागेल!" शास्त्रार्थ तिथेच संपला.

बुधवारी खाटकाची बायको कोट घालून बघायला आली. शिंपी दोन दिवसांचा उपाशी. "वहिनी, कळलं का?" बाही टाचत तो म्हणाला, "डॉक्टरची पहिली बायको जिवंत आहे!"

वहिनींचा हात कोटातच अडकला. वस्तीत ज्यांच्याकडे खरोखर टीव्ही नव्हता अशी मोजून दोन-तीन घरं, त्यातलं एक त्यांचं. "काय सांगता! डॉक्टरची?"

"तळघरात कोंडून ठेवलीय. आणि हा पठ्ठ्या दुसऱ्या लग्नाला बोहल्यावर उभा!"

"पण तुम्हाला खात्री आहे?"

"खात्री? काल संध्याकाळी या डोळ्यांनी बघितलं!"

"अगंबाई! आणि त्याच्या आईला हे ठाऊक आहे?"

"आईनेच तर कोंडलंय! बाहेरून देवभोळी, आतून जहर. हात जरा वर करा."

"मग तुम्ही काही करत का नाही?"

"मी काय करणार?" शिंपी म्हणाला. "आज-उद्यात काय होतंय ते बघायचं."

हे उत्तर ऐकून वहिनींना घेरीच यायची राहिली. पोटच्या पोरीचं लग्न, आणि बाप निवांत टाके घालतोय!

दुपारपर्यंत बातमी बेकरीत होती, संध्याकाळपर्यंत ती वस्ती ओलांडून गेली. मालिका बघणाऱ्यांना गोष्ट ओळखीची वाटली, पण तसं म्हणायचं म्हणजे घरातला टीव्ही कबूल करायचा! शुक्रवारी सकाळी एका पेशंटने तोंडात आरसा असतानाच डॉक्टरला विचारलं, "तळघराला खिडकी तरी आहे का हो?" डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर राहायचा. त्यावर लोकांचं म्हणणं असं, की तिसऱ्या मजल्यावर राहून जो तळघर बाळगतो तो केवढा पोहोचलेला असेल!

शिंप्याला मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. हातात घाईची कामं होती, गुरुवारची मालिकासुद्धा हुकली होती. शनिवारी प्रार्थनेनंतर बेकरीवाल्याने त्याचा हात घट्ट धरून "धीर सोडू नका" म्हटलं, तेव्हा त्याला वाटलं, लग्नाच्या खर्चाबद्दल बोलतोय.

रविवारी सकाळी कडक काकू आल्या. मागे डॉक्टर आणि त्याच्या मागे रब्बी.

"सोयरीक मोडायला आलेय," काकू उभ्यानेच म्हणाल्या. "माझ्या मुलाला दोन बायका, आणि मी एकीला कोंडते? कुणाच्या दुकानातून निघालं हे?"

आतून मुलगी धावत आली. "बाबा, काय बोललात तुम्ही?" तिचे डोळे भरून आले होते. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि भोगायचं कुणी? पोरीने!

त्याने मनाचा हिय्या केला. "विहीणबाई…"

"विहीणबाई म्हणायचं नाही!"

"बरं. ती बायको टीव्हीतली आहे हो. मालिकेतली. आमच्याकडे टीव्ही आहे. त्या कपाटात."

"म्हणजे हेही खोटंच सांगितलं होतंत!" काकू कडाडल्या. शिंपी आगीतून फुफाट्यात पडला.

रब्बींनी हात वर केला. "अशी मालिका खरंच आहे का? साक्षीदार लागेल. घरातला चालणार नाही."

शिंपी धावत जाऊन शेजारच्या बेकरीवाल्याला घेऊन आला. याचे साडेसातचे पाव सोमवार ते गुरुवार रोज करपायचे, फक्त रविवारी नीट निघायचे. एवढा भक्कम साक्षीदार दुसरा कुठला! बेकरीवाल्याने एकदा रब्बींकडे पाहिलं, एकदा काकूंकडे.

"टीव्ही?" तो म्हणाला. "तो दिसतो कसा?"

शिंपी रडकुंडीला आला. "अहो, आठवा ना! डॉक्टरची पहिली बायको बोट बुडून मेली असं सगळ्यांना वाटतं. पण तिने इच्छापत्र वाचलेलं असतं, म्हणून ती डॉक्टरची आई, ती कैदाशीण, तिला तळघरात…"

"साफ खोटं!" काकू उसळल्या. "आईने नाही, थोरल्या जावेने कोंडलं! आईला बिचारीला गुरुवारी कळलं, तेव्हा ती जिन्यावरून कोसळली! अर्धवट बघायचं आणि त्या माउलीला कैदाशीण म्हणायचं, लाज नाही वाटत?"

सगळ्यांच्या माना काकूंकडे वळल्या.

"आई," डॉक्टर हळूच म्हणाला, "तू रोज साडेसातला वरच्या मजल्यावरच्या आजारी मावशींना भेटायला जातेस ना?"

काकूंनी पदर सावरला. "जाते. त्यांच्याकडे चालू असतं काहीतरी."

"आजाऱ्याची विचारपूस हे मोठं पुण्य आहे," रब्बी ताबडतोब म्हणाले. "साक्ष झाली. लग्न ठरल्याप्रमाणे होईल."

मुलीने डॉक्टरकडे पाहिलं, डॉक्टरने सासऱ्याकडे, आणि शिंपी रडता रडता हसला.

निघताना रब्बींनी त्याला दाराशी गाठलं. "एक लक्षात ठेव. 'वाईट जीभ' खोट्यापुरती नसते. बातमी खरी असली तरी पाप तेवढंच. आणि आज इथे ऐकलंस ते खरं आहे."

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच वहिनी पायरीवर हजर. "सोयरीक मोडता मोडता जुळली म्हणे! काकू एवढ्या नरम पडल्या कशा? सांगा की! असं झालं तरी काय?"

शिंप्याच्या जिभेच्या टोकावर ते सगळं येऊन बसलं. काकू, आजारी मावशी, जिन्यावरून कोसळलेली ती माउली! तीस वर्षांत इतकी चविष्ट बातमी हाती लागली नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

त्याने चार टाचण्या ओठांत धरल्या आणि कॉलर केवढी हवी ते खुणेने विचारलं.