तालोमाचा पूल

विनिताचं डोकं सकाळपासून ठणकत होतं. कशेळे रस्त्यावरच्या तिच्या प्रशिक्षण केंद्रात आज सहा चिमुकल्या बेटदेशांचे अधिकारी यायचे होते. विषय होता 'लहान राष्ट्रांची क्षमता बांधणी'. देशांच्या नावाच्या पाट्या मांडून झाल्या होत्या, पाण्याच्या बाटल्या ठेवून झाल्या होत्या. नव्हते फक्त अधिकारी. त्यांची बस खोपोलीजवळ बंद पडली होती, आणि थोड्याच वेळात पैसे देणारे साहेब परदेशातून मोठ्या पडद्यावर अवतरणार होते. मागच्या शिबिरात निम्म्या खुर्च्या रिकाम्या दिसल्यावर त्यांनी गोड आवाजात बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर केंद्र बंद.

"त्यात काय एवढं, मॅडम?" दशरथ म्हणाला. तो केंद्राचा टेंपो चालवायचा आणि ग्रामपंचायतीचा सदस्यही होता. "ग्रामसभेला मानसं नसली म्हनून आमी काय सभा मोडतो? बाजारातनं आनतो."

विनिता नको म्हणेपर्यंत टेंपो फाटकाबाहेर गेलासुद्धा. परत आला तेव्हा त्यात सहा बायका होत्या, डोंगरातल्या वाड्यांवरून करवंदं विकायला उतरलेल्या. जेवण मिळेल, नुसतं बसून मान हलवायची, एवढाच करार झाला. कॅमेरा मागच्या भिंतीवर असल्यामुळे साहेबांना फक्त पाठी दिसणार होत्या. भागूबाई करवंदांची टोपली टेबलाखाली सरकवून तालोमा देशाच्या खुर्चीत ऐसपैस बसली.

साहेब भरपूर बोलले. बायकांनी इमानेइतबारे माना हलवल्या. विनिताचा जीव भांड्यात पडणार, तोच साहेबांनी फर्मावलं की आता तालोमाने आपल्या अडचणी सांगाव्यात, स्वतःच्या भाषेत सांगितल्या तरी चालेल. विनिताने भागूबाईच्या कानात सांगितलं, दोन शब्द बोला आणि बसा. पण भागूबाईला अडचणी विचारणारं माणूस जन्मात पहिल्यांदा भेटलं होतं. ती पदर खोचून उभी राहिली.

"आमाला पावसात चारी अंगानं पानी. बाई अडली तर झोळीत घालून न्यावी लागती. पोरं समदी बाहेर कामाला. मोठे लोक येतात, शिकवून जातात, जेवून जातात. पूल कोन देत नाय."

तालोमाबद्दल विनिताला नकाशावरच्या ठिपक्यापलीकडे काही ठाऊक नव्हतं. धडसं खोटंही सुचेना, म्हणून तिने नाइलाजाने जसंच्या तसं भाषांतर केलं. साहेब पडद्यावर पुढे सरकले. इतकं स्पष्ट निवेदन त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं म्हणे.

नेमके तेव्हाच तालोमाचे खरे अधिकारी, बाकीच्यांना बसपाशी सोडून एकटेच रिक्षाने, घामाघूम होऊन दारात उगवले आणि आपल्या पाटीकडे निघाले. भागूबाईने त्यांना हाताने थोपवलं. "मी बोलते हाय ना? तू बस तिकडं." विनिताने डोळे मिटून घेतले. अधिकारी मुकाट्याने मागच्या स्टुलावर बसले. टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांनीही वाजवल्या. नंतर विनिताने त्यांची हात जोडून माफी मागितली, तर ते करवंदं खाण्यात दंग होते.

केंद्र वाचलं. विनिताला वाटलं, सुटले एकदाची.

ऐन जुलैत तालोमाहून त्याच अधिकाऱ्यांचा फोन आला. त्यांच्या देशाला पूल मंजूर झाला होता. पंचाईत एवढीच की त्यांच्याकडे नदी नव्हती, साधा ओहोळसुद्धा नव्हता. पूल नाकारावा तर पुढची सगळी मदत आटायची भीती. तेव्हा तो कुठे बांधायचा हे सांगायला मागणी करणाऱ्या बाईंनाच तज्ज्ञ म्हणून पाठवावं, विमानाचं तिकीट ते काढतील.

"हा पूल तिकडे बांधण्यापेक्षा इकडेच पाठवा की," विनिता वैतागून म्हणाली. ते नियमात बसत नव्हतं.

तिने दशरथला भागूबाईच्या वाडीकडे पिटाळलं. तो संध्याकाळी चिंब भिजून, आवाज बसवून परतला. ओढ्याच्या अलीकडून हाका मारून मारून त्याने निरोप पोचवला होता.

"काय म्हणाल्या?"

"येते म्हनाली," दशरथ घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पन दिवाळीनंतर. ओढा उतरल्याबिगर तिला अलीकडं येता नाय येत."