सीनाची रजई

मारोतरावकाकाजी आमच्या घरी पहिल्यांदा आले ते नव्या सुनेला आशीर्वाद द्यायला. आशीर्वाद दिला, चहा घेतला, कप खाली ठेवला आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन तांदळाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला. लग्न होऊन मी घाटंजीत आले त्याला जेमतेम आठवडा झाला होता. सासूबाई शांतपणे सुपारी कातरत बसल्या होत्या, म्हणजे हे नेहमीचंच असावं. काकाजींनी तळातून मूठभर तांदूळ काढला, हुंगला, दोन दाणे दाताखाली धरले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "वरचा अलग, खालचा अलग. दुकानदारानं फसोलं तुमाले, मास्तरीनबाई."

ते गेल्यावर मी निरखून पाहिलं. वरखाली कुठेही काही फरक नव्हता, तांदूळ एकाच पोत्यातला होता. पण संशय हा खरजेसारखा असतो. तेव्हापासून मीही दुकानात पोत्याच्या तळातून मूठ काढून पाहू लागले आणि आमचा किराणावाला मला पाहताच तोंड फिरवू लागला.

काकाजी आमचे शेजारी. मधे एक भिंत आणि तिच्यावर दोघांची मिळून एक कारल्याची वेल. आयुष्यभर ते सरकारी कापूस खरेदीच्या केंद्रावर ग्रेडर होते. कापसाची गाडी आली की चाकावर पाय देऊन वर चढायचं, गाडीच्या पोटात हात खुपसायचा, आतला कापूस बाहेर काढायचा, बोटांत धागा ओढून त्याची लांबी पाहायची, सरकी दाताखाली फोडून ओल पाहायची. लोक वर पांढराशुभ्र कापूस रचत आणि खाली डागी, पिवळा कवडी कापूस दडवत. कोणी रात्री पाणी मारून वजन वाढवे. "वरचा कापूस बोलते, खालचा गप्प राह्यते," असं काकाजी म्हणत. नोकरी संपली तरी हात काही थांबला नाही. पंगतीत बसले तर भाताच्या पातेल्याच्या तळातून वाढायला लावत. नव्या बियाण्याचं पाकीट घेतलं तर दुकानातच फोडून तळहातावर पसरत. पेपरात पावसाचा अंदाज आला तर "हे सांगणाऱ्याची वावरं कुठं हायेत?" असं विचारत.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेला, खरेदी केंद्राच्या फाटकाला कुलूप, बियाण्यात भेसळ, औषधात भेसळ. संशय हे एकच पीक आमच्याकडे त्या वर्षांत चांगलं आलं. त्यामुळे काकाजींना गावात कोणी वेडं म्हणत नसे. उलट मुलगी बघायला जातानासुद्धा लोक त्यांना सोबत नेत, आणि ते तिथेही पोह्यांची बशी तळापासून ढवळून पाहत.

त्यांची स्वतःची मुलगी सुनंदा मात्र अमेरिकेत होती. आई लहानपणीच गेलेली, काकाजींनी एकट्यानं वाढवलेली. जावई कॉम्प्युटरवाला, सिएटलजवळच्या गावात बरीच वर्षं स्थिरावलेला. काकाजींच्या घरी फोन नव्हता, कारण फोनच्या तारेत मधे कोण कान लावून बसतो हे कोणी पाहिलंय? म्हणून सुनंदा दर रविवारी सकाळी आमच्याकडे फोन करी. आमच्या फोनला मोठ्यानं ऐकू येण्याचं बटण होतं, ते काकाजी आधी दाबायला लावत. "साक्षीदार पाह्यजे," म्हणत. मग खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक तोंडावर धरून बोलत, म्हणजे तारेतल्या माणसाला कळू नये. मी बाजूला बसून शेंगा सोलत साक्षीदारी करी.

"कशी हायेस?"

"सगळं चांगलं आहे, बाबा."

फोन ठेवला की काकाजी माझ्याकडे पाहून मान हलवत. "सगळं चांगलं म्हंजे वरचा कापूस."

सुनंदा फोटोही पाठवी. आधीच्या फोटोंत मागे मोठं घर, दारात मोटार. पुढे पुढे फोटोत फक्त माणसांचे चेहरे आणि मागे भिंत दिसू लागली. "घर कुठं गेलं?" काकाजींनी विचारलं. "घर बदललं, बाबा. पोराच्या शाळेजवळ घेतलं," सुनंदा म्हणाली. काकाजींचा संशय जावयाच्या कॅमेऱ्यावर गेला. फोटो काढणाऱ्याला लांब उभं राहता येत नसेल तर कॅमेरा कायले घ्यावा, असं त्यांनी मला अनेकदा ऐकवलं.

एका सकाळी मी त्यांना पेपर वाचून दाखवला. अमेरिकेत आशियातून गेलेल्या लोकांची कमाई गोऱ्यांपेक्षाही जास्त, असं त्यात छापून आलं होतं. मला वाटलं, सुनंदाचे वडील म्हणून खूश होतील. काकाजींनी पेपर हातात घेतला, उलटा करून मागची बाजूही पाहिली.

"कोणाकोणाचा ढीग एका जागी करून?"

हा प्रश्न त्यांनी पुढच्या रविवारी सुनंदाला केला. ती आधी हसली, मग म्हणाली की बाबा, ते खरंच तसं आहे. पोराच्या शाळेच्या कागदावर आशियातली माणसं आणि पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरची माणसं यांना एकच रकाना आहे. तिच्या खालच्या मजल्यावर सीना नावाची बाई राहते, सामोआची. सीनाचा नवरा विमानतळावर सामान उचलतो, सीना सकाळी एका म्हाताऱ्यांच्या घरी कामाला आणि संध्याकाळी दुकानात. दोन खोल्यांत आजी, दीर, पुतणे, सगळे. गावाकडं कोणी वारलं, कोणाचं लग्न ठरलं, की इकडून पैसे पाठवायचे. आणि हिचा पोरगा आणि सुनंदाचा पोरगा त्या कागदावर एकाच रकान्यात. "ढिगाचा हिशोब चांगला निघते बाबा, म्हणून ह्या लोकायले काई गरज नाई असं सरकार म्हणते. सीनाच्या पोराले शिकवणी पाह्यजे, ते भेटत नाई."

काकाजी त्या दिवशी जेवले नाहीत म्हणतात. संध्याकाळी भिंतीवरून डोकावले आणि नकाशाचं पुस्तक मागितलं. मी सामोआ शोधून दाखवलं. त्यांनी नखानं ते ठिपके खरवडून पाहिले, शाईचा डाग तर नाही ना म्हणून.

"जलमभर मी मिसळलेली गाडी पकडली," ते म्हणाले. "मिसळली का पूर्ण गाडीले खालचा भाव. आन् हे लोक मिसळून पूर्ण गाडीले वरचा भाव लावून राह्यले. खाली कोन हाय ते पाहाचंच नाई."

"पण काकाजी, आपले लोक पुढे गेलेत हे तर खरं ना?"

"आपले कोन गेले? तुमचे इंजिनेर, डाक्टर. तो पह्यला वेचा हाय, मास्तरीनबाई. बोंड फुटलं का पह्यल्यांदा जो वेचते, सगळ्यात चांगला, तो उचलून नेला त्यायनं. हे बेटावाले पूर्ण वावर घेऊन गेले. आजी, पोट्टे, लंगडे, सगळे. मंग पह्यल्या वेच्याची आन् पूर्ण वावराची बराबरी कशी करता तुमी?"

मी भूगोल शिकवते. ही गोष्ट मी पुढच्या आठवड्यात वर्गात माझी म्हणून सांगितली.

पण काकाजी ते काकाजीच. सामोआच्या लोकांवर अन्याय होतो हे एकदा ठरवून टाकल्यावर त्यांनी सीनावरच संशय घ्यायला सुरुवात केली. ती इतकी वरखाली का करते? सुनंदाच्या घरात येऊन बसते, पोरांना घेऊन येते, भांडी आणते नि नेते. "भुकेला शेजारी असला का कोठीले कुलूप पाह्यजे," असा सल्ला दर रविवारी अमेरिकेला जाऊ लागला. सुनंदा एकदा चिडली. "बाबा, सीना तशी नाई." काकाजींनी फोन ठेवून मला सांगितलं, "पोरगी भोळी हाय. मायवर गेली." मी त्यांना चार शब्द सुनावले. गरीब माणूस चोर असतो असं म्हणायला त्यांच्याकडे पुरावा काय होता? ते म्हणाले, पुरावा तळाशी असते, वर दिसत नाई.

त्यांची चौकशी थांबेना. सीना काय शिजवते, कुठून आणते, नवऱ्याची ड्यूटी कधी, घरात शेगडी कशाची. गंमत अशी की सुनंदा स्वतःबद्दल एका वाक्यात आटपायची, पण सीनाबद्दल भरभरून सांगायची. थंडीत खिडकीच्या फटीत सीना कापड कोंबते. घरमालक हीटर दुरुस्त करत नाही. सीनाला रात्री झोप लागत नाही, नवरा घरी बसल्यापासून.

"तिचा नवरा त विमानतळावर हाय ना?"

"हो... मधे बसला होता घरी थोडे दिवस," सुनंदा म्हणाली. मी शेंगांतून वर पाहिलं. काकाजी भिंतीकडे पाहत होते.

मग एका रविवारी बोलता बोलता ती म्हणाली, "सीनाच्या चर्चमधून दर आठवड्याले डबे येतात, बाबा. मक्का, मासोळी, तांदूळ. तांदूळ बम जाडा असते. दोनदा धुतला तरी पाणी पांढरंच. आन् शिजाले वेळ लागते, पोट्टा रडते तोवर."

काकाजींनी पुढचं काही विचारलं नाही. नातवाला आशीर्वाद सांगितला आणि फोन ठेवला. पाणी मागितलं. मी तांब्या आणायला आत गेले तर ते मागोमाग येऊन माझ्या तांदळाच्या कोठीसमोर उभे राहिले. मला वाटलं, आता हात घालतील. त्यांनी झाकणसुद्धा उघडलं नाही.

"दुसऱ्याच्या घरचा तांदूळ दोनदा धुवा लागते, हे आपल्याले कसं मालूम होते, मास्तरीनबाई?"

मला त्या क्षणी सगळं कळलं. भिंतीजवळचे फोटो, बदललेलं घर, घरी बसलेला नवरा. तिकडच्या कंपन्या माणसं काढताहेत हे पेपरात मीच त्यांना वाचून दाखवलं होतं, आणि आपल्या माणसाचं नाव त्यात असेल हे मला सुचलंही नव्हतं. पहिल्या वेच्यातला कापूसही भिजतो कधी कधी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याहून जास्त राग आला, कोणाचा ते कळेना.

"मी त्या बाईले चोर म्हनत होतो," काकाजी म्हणाले. "तिच्याच डब्यातलं माह्या पोरीच्या पोटात जाऊन राह्यलं."

"सरळ विचारा ना सुनंदाला. पुढच्या रविवारी. मी बटण दाबत नाही, बाहेर जाऊन बसते."

त्यांनी मान हलवली. "गाडीवाला मले फसवाले झाके. हिनं मी घाबरू नये म्हून झाकलं. तिथं हात घालत नाई."

सबंध आयुष्यात त्यांनी वरून पाहून सोडलेली ही पहिली गाडी असावी.

दुसऱ्याच दिवशी ते इब्राहीमभाई पिंजाऱ्याकडे गेले. त्या वर्षी भाव इतका पडला होता की काकाजींनी आपल्या शेतातला पहिला वेचा विकलाच नव्हता, आतल्या खोलीत ढीग करून ठेवला होता. तो त्यांनी पिंजून रजई भरायला दिला आणि दिवसभर दुकानाच्या पायरीवर बसून राहिले, कापूस बदलला जाऊ नये म्हणून. इब्राहीमभाई वैतागले. "मारोतराव, अपन एक बाकावर बसून शिकलो ना जी? मी तुमचा कापूस बदलून कायले ठेवीन?" काकाजी म्हणाले, "तुमच्यावर भरोसा हाय. कापसावर नाई." शेवटी इब्राहीमभाईंनीही चिडून त्यांच्या समोर प्रत्येक थर उलगडून दाखवला. वरचा आणि खालचा एकच होता.

"माप कोनाचं?" इब्राहीमभाईंनी विचारलं. शाळा सुटल्यावर मीही तिथे येऊन उभी होते.

"सामोआची बाई हाय एक," काकाजी म्हणाले, आणि हात छातीपर्यंत नेऊन उंची दाखवली. सीना इतकी धिप्पाड आहे की दारातून तिरकी होऊन आत येते, असं सुनंदानं आम्हाला सांगितलेलं होतं. दाखवलेलं माप सुनंदाचं होतं. इब्राहीमभाईंची स्वतःची मुलगी नागपूरला दिलेली. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि रजईचं कापड बोटभर लांब कापलं.

रविवारी काकाजींनी दुपट्टा तोंडावर न धरता फोन घेतला.

"सुनंदे, एक रजई पाठवून राह्यलो. सीनासाठी. तिच्या खिडकीतून हवा येते म्हनत होती ना तू. तुमाले काई गरज नाई, तुमचं त सगळं चांगलं हाय."

मग ती म्हणाली, "देतो तिले."

पार्सल पोचायला बरेच दिवस लागले. तेवढ्या काळात काकाजींचा टपाल खात्यातल्या सर्वांवर, आगबोटीवर आणि जकातीच्या शिपायांवर संशय घेऊन झाला. मी मनातून टपालावर त्यांच्याइतकीच चिडले होते.

ज्या रविवारी पोचल्याचा फोन आला, त्या दिवशी मी शेंगा सोलायचं नाटकही केलं नाही.

"बाबा, सीनाले रजई भेटली."

"पुरली काय?"

"पुरली. पाय उघडे राहात नाईत. सीना म्हणते..." तिचा आवाज जरा बारीक झाला. "सीना म्हणते, लहानपनी घरात कापूस भरला का ती ढिगावर जाऊन झोपे. अंग खाजवे, बाप रागवे, तरी तिथंच झोपे. तशी झोप लागली, म्हणते."

सामोआत नारळ होतो, केळी होतात, कसलासा कंदही होतो. घराच्या आतल्या खोलीत छतापर्यंत कापूस भरून ठेवलेला तिथे कोणी पाहिला नसावा. मी भूगोलाची बाई, पण ही चूक काढली नाही. काकाजीही माझ्याकडे पाहत नव्हते. त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता.

"सीनाले सांग," ते म्हणाले, "खोली तशीच हाय. यंदा ढीग मोठा नाई, पन एका मानसाले झोपाले पुरते. आता तिचा बाप रागवत नाई."



"सांगतो तिले," सुनंदा म्हणाली.